ट्रंकताईंचा बुधवार

अर्ध्या वाटेवरून परत फिरायला ट्रंकताईंना कधीच काही वाटलं नाही. माथा हाकेच्या अंतरावर असला तरी दगड ओला दिसला, ढग उतरू लागला, की त्या दोन घोट पाणी पीत आणि सरळ खाली चालू लागत. दुसऱ्या दिवशी मी विचारी, "पोचलात का वर?" तर म्हणत, "नाही. घरी पोचले."

पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंककॉलच्या बोर्डावर होत्या, परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या, म्हणून ट्रंकताई. मी शेजारच्या खुर्चीवर, नोकरीत नवी. एसटीडी यायच्या आधीचे दिवस. कानाला हेडफोन, पाठीशी सुपरवायझर, आणि पाच मिनिटं उठायचं तरी हात वर करून परवानगी घ्यायची. त्यांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी, बाकी जगाची रविवारी. त्यामुळे डोंगरात त्या एकट्याच जात. "सोबत कोण?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बुधवार."

शनिवार पेठेत भावाच्या दोन खोल्यांत त्या राहत. पस्तिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही, झोपायची जागा स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून. दादा वाईट माणूस नव्हते. त्यांना बहिणीची काळजी वाटे, आणि लोक काय म्हणतील याची त्याहून जास्त. त्या वर्षी पावसाळाभर त्यांनी एकच धोशा लावला, हे डोंगर आता बंद. शेवटी ताईंनी शब्द दिला. पावसानंतरचा पहिला गड, तोच शेवटचा. मला हे सांगताना त्या बोर्डावरची स्वच्छ कॉर्ड उगाचच पुसत होत्या.

बेत साधा होता. वेल्ह्याच्या बाजूचा एक गड नेहमीच्या वाटेने चढायचा, मागच्या अंगाने उतरायचं आणि पाचची एसटी धरायची. ऑक्टोबर नुकताच लागला होता. गवत कमरेएवढं, वर्षभराची मळलेली वाटसुद्धा नव्याने शोधावी लागत होती. निम्म्यावर पोचल्या तर पुढची वाट दरडीखाली गेलेली. एरवी त्या तिथूनच फिरल्या असत्या. "पण शेवटचा ना," मला म्हणाल्या, "म्हणून बेतच बदलला." बाजूच्या कड्यात एक अरुंद घळ होती. तिच्यातून वर जाता येतं असं त्यांनी गावात ऐकलं होतं. त्या घळीत शिरल्या.

दोन पुरुष उंचीचा टप्पा चढून त्या एका कपारीवर आल्या. वरचा खडक शेवाळलेला, हात ठरेना. खाली उतरावं म्हणून वाकल्या, तर ज्या दगडावर पाय देऊन वर आल्या होत्या तो निखळून गेलेला. कपार पाटाएवढी. उभं राहिलं की पाठ कड्याला चिकटवावी लागे, बसलं की गुडघे बाहेर लोंबत. साडेनऊ वाजले होते. थोड्या वेळाने धुकं आलं आणि समोरची दरीही दिसेनाशी झाली. पाण्याची बाटली हातातून सुटून दरीत गेली; तिचा आवाज बराच वेळ खाली खाली जात राहिला.

"घाबरला होतात?" मी विचारलं.

"तासभर रडले. मग राग आला. आता दादाचंच खरं होणार, याचा."

मग म्हणाल्या, एकदा वाटलं, उडी मारून टाकावी म्हणजे सुटू. त्या विचाराची त्यांना पडण्याहून जास्त धास्ती बसली. ओढणी काढून त्यांनी स्वतःला कपारीत उगवलेल्या कारवीच्या बुंध्याशी बांधून घेतलं आणि हाका मारत राहिल्या.

दुपारी खालून आवाज आला, "कोन हाय गं वर?" हरवलेली म्हैस शोधत आलेली एक धनगरीण होती, चांगली साठीची.

"मी! अडकलेय!"

"हलू नगंस. खडक वला हाय. ऊन येऊ दे. मी हितंच बसते."

आणि ती बसली. म्हैस सोडून दोन तास बसली. मधून मधून चौकशी चालू. "घरी पोरंबाळं?"

"नाहीत."

"मंग बरं. घाई न्हाई."

ताई सांगत, त्या कपारीवर त्या चक्क हसल्या. पुढे धुकं विरलं, उन्हात खडक सुकला, तेव्हा ती बाई अनवाणी टप्प्याच्या पायथ्याशी आली आणि एकेक पाऊल सांगू लागली. "डावा पाय खाली. आनखी. खाच हाय तिथं." निखळलेल्या दगडाची जागा आली तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. "दे खांद्यावर पाय."

"अहो, तुमच्या अंगावर पाय कसा देऊ?"

"मंग कुटं देतीस?"

सडकेला लागेपर्यंत तिने ताईंचा हात सोडला नाही.

घरी ताईंनी काहीही लपवलं नाही. सगळं ऐकून दादा म्हणाले, "झालं ना समाधान? आता पुरे."

"हो, पुरे," ताई म्हणाल्या. "मी खोली बघते."

एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. दोन महिने आम्ही दोघी हिंडलो, तेव्हा विश्रांतवाडीत एक मिळाली. सामान लावायच्या आधी ताईंनी खोलीच्या मधोमध सतरंजी टाकली आणि हातपाय पसरून पडल्या. कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मी दारात उभी राहून स्टोव्हला पिन करत होते. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

त्या खोलीत त्यांनी वीसेक वर्षं काढली. डोंगर सुटले नाहीत; पुढे कधीमधी मलाही सोबत नेत. दादा मात्र त्या खोलीवर एकदाही आले नाहीत. ताई गेल्या त्या अगदी थोडक्या आजाराने. तेराव्याला दादांनी मला बाजूला घेतलं. "अहो बाई, तिथे वर जाऊन ती नेमकं करायची तरी काय?"

"दाखवते," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात मी त्यांना गाडीने, जिथवर रस्ता जातो त्या खिंडीपर्यंत नेलं. काठी टेकत ते एका सपाट कातळापर्यंत आले. मी म्हटलं, "इथे बसायच्या."

ते बसले. दूर धुरकटात शहर दिसत होतं. "इथून आमचं घर शोधत असेल," ते म्हणाले.

"नाही दादा. इकडे पाठ करून बसायच्या."

 दादा काठीचा आधार घेऊन उठले, हळूहळू वळले आणि डोंगराकडे तोंड करून पुन्हा खाली बसले.