नागपूरला पोचण्याआधी, साकोलीत

पुणे स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या हवालदारानं आतलं हातगिरमिट बाहेर काढलं. "सुतारकाम का?"

"जवळपास तसंच," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

मी मेंदूचा सर्जन. साकोलीत लहानसं रुग्णालय चालवणाऱ्या डॉ. स्मितानं मला बोलावलं होतं. ती पोटाच्या, हर्नियाच्या शस्त्रक्रिया करणारी सर्जन. "सर, महामार्गावर डोकी फुटतात आणि नागपूरच्या वाटेतच माणसं जातात," ती फोनवर म्हणाली होती. "कवटीत साचलेलं रक्त मोकळं करायला तरी शिकवा."

नागपूरहून बस धरली. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (धानाच्या लहान शेतांमध्ये) पुंजणी (कापलेल्या धानाच्या राशी) उभी होती आणि अधूनमधून एखादी बोडी (लहान तळं) उन्हात चमकत होती. लाखनीला टायर बसला. ट्रकांच्या धुरळ्यात उभ्यानं चहा प्यायलो, तेवढ्यात शेजारचा प्रवासी म्हणाला, "घाई नोका करू जी, साकोली कुठं पळून नाही राहिली."

रात्री स्मिताकडे भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि झिंग्यांची झणझणीत भाजी झाली. सकाळी खाटकाकडून बोकडाच्या मुंड्या आणल्या आणि तिला कवटीला भोक पाडायला शिकवलं. पहिली दोन बिघडली, पुढची नेमकी जमली.

दुपारी सिंधूबाईला आणलं. दिघोरीकडची ढिवर समाजातली बाई. नवऱ्यामागे मोटरसायकलवर बसून मासे विकायला निघाली होती आणि गतिरोधकावर उडून डोक्यावर पडली. नवरा सुखराम घाबराघुबरा झाला होता.

"पडल्यावर चांगली उठून बसली, साहेब. च्या मांगतली. आता काहून उठून नाही राहिली?"

मी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. डावी बाहुली मोठी होऊन थिजली होती, उजवा हात लुळा पडला होता. कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचत होतं. इथं स्कॅनचं यंत्र नव्हतं आणि नागपूर दोन तासांवर. पण ही लक्षणं मी इतक्यांदा पाहिली होती, की मला शंका उरली नव्हती.

"डोक्याले भोक पाडता?" सुखरामनं विचारलं. "मंग वाचन का ते?"

"खात्री देत नाही. पण नागपूरपर्यंत थांबलो तर नक्की जाईल. इथं केलं तर चांगली आशा आहे."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "त कायले थांबता? करा ना."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी श्वासनळीत नळी घातली. डाव्या कानशिलावर मी खूण केली आणि गिरमिट स्मिताच्या हातात दिलं.

"सर, तुम्ही करा ना."

"उद्या मी इथं नसेन. मी शेजारी उभा आहे. फिरव."

हाडाचा भुगा पडू लागला. शेवटच्या थराला तिचा हात अडखळला. मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं, "आता हळू," म्हटलं. भोक पडलं आणि जांभळासारखी काळी गुठळी आपोआप बाहेर येऊ लागली. भोक मोठं करून आम्ही ती धुऊन काढली, वाहणारी रक्तवाहिनी बांधली. भूलवाल्या डॉक्टरांनी पापणी उचलली आणि ते ओरडले, "बाहुली लहान होतेय!" स्मितानं मास्कच्या आड मोठ्यानं श्वास सोडला.

गिरमिट तिच्याकडेच ठेवलं आणि रुग्णवाहिकेतून सिंधूबाईसोबत नागपूरला गेलो. स्कॅनमध्ये उरलेलं रक्त अगदी थोडं होतं. दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर तिनं घोगऱ्या आवाजात सुखरामला झापलं, "गाडी पाहून चालवत जा ना गा!" तो माणूस हसता हसता रडायला लागला. उजव्या हाताला अजून जोर यायचा होता, तो हळूहळू येणार होता. त्याच संध्याकाळी मी पुण्याची गाडी धरली.

काही आठवड्यांनी स्मिताचा फोन आला.

"सर, एक ट्रकचा क्लीनर होता. तीच लक्षणं. भोक पाडलं, रक्त काढलं, आता नागपूरला पाठवलाय. शुद्धीवर येतोय."

"अगं, आधी फोन करायचास!"

"वेळ नव्हता, सर."

मी पुष्कळ शहरांत शिकवायला गेलो, शाली-श्रीफळं घेऊन परतलो. पण मला विचारायला न थांबताही काम व्हावं, इतकं चांगलं शिकवणं माझ्या हातून साकोलीतच झालं.