नानांनी मागितलेलं पाणी

मंडळी, आज सूड उगवला. लई गार वाटतंय.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. गाव टँकरची वाट बघायचं, आणि मी कळंबला तंबूत परग्रहावरच्या लढाईचा सिनेमा बघून आलो. त्यातली किरणांची बंदूक डोक्यात बसली. सायकलचा पंप, स्टोव्हचा बर्नर, बॅटरीचं नळकांडं, सगळं भंगारातलं जोडून तसलीच बनवली आणि मिरवायला दूध संस्थेत नेली.

सचिव नाना रांगेसमोर म्हणाले, "ह्यातनं पाणी निघतंय का? न्हाय ना?" आणि बुटाखाली चिरडली. सगळी रांग हसली.

यंदा रिटायर झालो, तीच बंदूक पुन्हा बनवली. पुन्हा भंगारातनंच. फक्त पुढं फवारणी पंपाचं नोझल लावलं, मागं पाण्याची बाटली.

आज सकाळी पारावर नेली. नाना काठी टेकत आले. "काय रं हे?"

"नाना, तुम्ही विचारलं होतं ना, पाणी निघतंय का?"

चाप ओढला. टोपी, चष्मा, मिशा, सगळं चिंब. सगळा पार हसला.

नाना तोंड पुसत म्हणाले, "तवा काढायचं होतंस की. लई गरज होती."

बाटलीत अजून पाणी होतं. मी पुन्हा चाप ओढला.

तुम्ही थांबला असता का?