डोहाळ्याची माती

मुक्ताईशी माझं पहिल्याच दिवशी वाजलं. पालकाची एवढीशी जुडी बघून मी म्हटलं, ही काय देव्हाऱ्यात वाहायची आहे का? ती हसली आणि वर कोथिंबीर टाकली. लातूरकडची बाई. नवरा उत्तरेश्वर आमच्या धायरीच्या सोसायटीत वॉचमन, आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर हिचे पालक-मेथीचे वाफे. तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेली मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण हिच्याशी माझं गूळपीठ जमलं.

तिची भाग्यश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती मातीचे डोहाळे घेऊनच. वाफ्याला पाणी दिलं की त्या वासानं पोर वेडी व्हायची. देऊ का म्हणून मुक्ताई मला विचारायला आली. मी पडले शहाणी! म्हटलं, अगं, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो. तव्यावर भाजून दे म्हणजे झालं. मग ती रोज वाफ्यातली ढेकळं भाजून द्यायला लागली.

त्याच सुमारास अपूर्वा नावाची कॉलेजातली मुलगी प्लॉटवरची माती तपासायला घेऊन गेली. तिथं पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे म्हणे. पंधरा दिवसांनी येऊन तिनं सांगितलं, मातीत शिसं भरपूर आहे. ते मातीलाच धरून बसतं, भाजीत फार चढत नाही, पण पानांना चिकटलेली माती पोटात जाते, तेव्हा इथं भाजी नकोच. मुक्ताईनं त्याच दिवशी वाफ्यांतली सगळी भाजी उपटली. लोकांच्या लेकरांच्या पोटात कशाला, म्हणाली.

अपूर्वा गेल्यावर तिनं हळूच मला विचारलं, भाग्यश्रीचं काय? अपूर्वाला फोन लावून विचारायला मला काय झालं होतं? पण नाही. मी ठणकावून सांगितलं, "तू तर भाजून देतेस ना, मग झालं!"

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, बापानं नेऊन पुरलं. भाग्यश्रीच्या रक्तात शिसं निघालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मातीचं विचारलं. मुक्ताई म्हणाली, भाजून देत होते. त्यांनी सांगितलं, शिसं तव्यावर जळून जात नाही, आणि पोटातल्या आंबटात सुटून रक्तात उतरतं. दुसरीही कारणं असू शकतात, असंही म्हणाल्या. त्यानं माझं समाधान होत नाही. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवस मी तिच्या खोलीकडे फिरकले नाही, धीरच होईना. शेवटी गेले आणि हात जोडले. म्हटलं, मीच सांगितलं होतं गं तुला.

तिनं माझे हात धरून खाली केले.

"तुम्ही नुसतं बोललात, काकू. लेकीला माती मी दिली. आन् नातीला तिच्या बापानं."