बेचाळिसाव्या वर्षी लागलेली नोकरी

लेक अकरावीत गेली त्या वर्षी मी नोकरी शोधायला लागले. घरात ओढाताण होती असं काही नाही. नवरा शाळेत शिक्षक, राजापेठेत लहानसा का होईना स्वतःचा फ्लॅट. पण सकाळी लेक शिकवणीला, मुलगा शाळेत आणि नवरा त्याच्या शाळेवर गेला की दुपारी तीनपर्यंत घरात मी एकटीच. लग्नाआधी अकोल्याला बी.कॉम. केलं होतं, पहिल्या वर्गात. हे कोणाला सांगितलं की लोक "अच्छा?" म्हणत आणि भाजी कशी केली ते विचारत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गुंतवणुकीचं ऑफिस होतं. बाहेर 'महिला पाहिजेत' असा कागद चिकटवलेला. तीन दिवस मी तो जाता-येता वाचला आणि चौथ्या दिवशी आत गेले. तिथले साहेब जेमतेम तिशीचे. त्यांनी माझी मार्कशीट उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, मधली अठरा वर्षं काय केलं?"

"दोन मुलं वाढवली," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, "म्युच्युअल फंड विकायची एक परीक्षा असते. ती सहा महिन्यांत पास झालात तर पक्कं."

मग घरात अभ्यासाला एक टेबल आणि तीन विद्यार्थी अशी अवस्था झाली. लेकीनं तिच्या पुस्तकांचा ढीग सरकवून मला कोपरा करून दिला. चक्रवाढ व्याज मला येत होतं, पण संगणकावर टिचकी मारून उत्तरं द्यायची म्हटलं की भलत्याच पर्यायावर टिचकी पडायची. लेक शेजारी बसून सराव करून घ्यायची. मी एकच प्रश्न तिसऱ्यांदा चुकले की म्हणायची, "आई, तू वाचून नाही राहिली, नुस्ती पाहून राहिली." हे वाक्य मीच तिला चौथी-पाचवीत ऐकवायचे.

पहिल्या खेपेला तीन गुणांनी नापास झाले. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर दिसतो. आजूबाजूची पोरं फटाफट उठून चालली होती आणि मी त्या आकड्याकडे बघत बसले. घरी येऊन कुकर लावला, जेवायला बसल्यावर सांगितलं. नवऱ्यानं माझ्या ताटात वरण वाढलं. सातवीतला मुलगा मात्र खुलला.

"म्हणजे आता माह्या मार्कांवर तुले बोलता येत नाही ना?"

लेकीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला हसू आवरेना.

दीड महिन्यानं पुन्हा बसले आणि पास झाले. मुलानंच शेजारीपाजारी पेढे वाटले, निम्मे वाटेत स्वतः खाऊन.

कामावर मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं ते दर्यापूरला. एक बाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना एकरकमी पैसे मिळाले होते आणि ते गुंतवायचे होते. मी जीपमध्ये सहा जणांच्या सीटवर नववी होऊन बसले, मांडीवर पर्स, पर्सवर माहितीपत्रकांची पिशवी. बोलायचं सगळं पाठ केलं होतं.

बाईंनी पाणी दिलं, खाट पुढे ओढली. मी पाठ केलेलं बोलायला लागले. दोन-तीन वाक्यांतच त्यांनी हात वर केला.

"बाई, हे टीव्हीवानी बोलू नको. साधं सांग. माह्या गुडघ्याचं ऑपरेशन करा लागते पुढच्या साली. तवा हे पैसे हाती येतीन का?"

जो फंड मी घेऊन गेले होते, तो पाच-सात वर्षं पैशाला हात न लावणाऱ्यांसाठी होता. वर्षभरात बाजार पडला असता तर त्यांना नेमक्या गरजेच्या वेळी पैसे कमी मिळाले असते. पर्समध्ये फॉर्म होता, पेन होतं. साहेबांना महिनाअखेरपर्यंत विक्रीचा किती आकडा गाठायचा होता, तेही मला माहीत होतं.

"येतील, पण कमी येऊ शकतात," मी म्हटलं. "तुम्ही हे घेऊ नका. बँकेत एका वर्षाची ठेव करा."

"मंग तुले काय भेटन?"

"काही नाही."

"मंग कायले आली वं येवढ्या उन्हात?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि ताटात भाकर आणि वांग्याचं भरीत घेऊन आल्या. मी जेवले.

ऑफिसात येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. रागावले होते, पण ओरडले नाहीत. "पुढच्या वेळी फोनवरच विचारत जा मॅडम, जीपचं भाडं तरी वाचेल," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी तेच करते. निघायच्या आधी फोन करून पैसे कधी लागणार ते विचारते.

महिनाभरानं त्या बाईंच्या भाचीचा फोन आला. ती सरकारी दवाखान्यात नर्स, नोकरी नुकतीच लागलेली. "मावशी म्हणते, त्याच बाईले विचार." ती माझं पहिलं गिऱ्हाईक. दर महिन्याला थोडी थोडी रक्कम, वीस वर्षांसाठी. तिच्या फॉर्मवर माझी सही करताना मी अक्षर नीट काढलं.

याला आता तीन वर्षं होतील. लेक पुण्याला शिकते. गेल्या दिवाळीपासून ऑफिसची अकोल्यालाही शाखा आहे आणि गुरुवारी ती मी सांभाळते. सकाळची बस धरते, संध्याकाळी परतायला उशीर होतो, म्हणून त्या दिवशी स्वयंपाक नवऱ्याकडे. पिठलं तो दर वेळी पातळ करतो. मी आणि मुलगा भाकरी कुस्करून खातो आणि बरं झालंय म्हणतो.