तळघरातली शाळा आणि मधुताई

आमच्या लंडनमधल्या क्रॉयडनच्या गल्लीत मधुमती राजाध्यक्षांची टिंगल करायचा परवाना फक्त मला आहे, शेजारीण म्हणून. पुण्यात फ्रेंच शिकलेल्या या बाई डॉक्टर नवऱ्यामागून इकडे आल्या आणि ‘लिसे सँ-क्लेर’ या बड्या फ्रेंच शाळेच्या लायब्ररीत शिरल्या, त्या निवृत्तीलाच बाहेर पडल्या. फ्रेंच बोलताना त्या ओठांचा असा चंबू करतात, की चहा फुंकतायत असं वाटावं. हे मी त्यांना तोंडावर सांगते.

शाळेची शंभरी आली, तसं इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. बाईंची पद्धत अस्सल आपली. दिवाळीच्या फराळाचे डबे घेऊन जुन्या शिक्षिकांच्या आणि विद्यार्थिनींच्या घरी जायचं आणि बजावायचं, “रिकामा डबा परत करत नाहीत आमच्यात.” म्हाताऱ्या बिचाऱ्या धसका घेऊन जुने बिल्ले, फोटो, सहलीची तिकिटं भरून द्यायच्या. अर्ध्या इतिहासाला चकलीचा वास होता!

मेडनहेडच्या केअर होममधल्या मादाम ओदीलनी असाच एक फोटो दिला. तळघर, बाकं, आणि फळ्यापाशी त्यांची आई. शाळेत सगळे मानत, की दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी शाळा चालू ठेवली. साहेब खरं तर वेल्सला पळाले होते. तळघरात वर्ग भरवले ते ओदीलच्या आईनं. चिमुरडी ओदील तिथंच पहिल्या बाकावर बसायची.

“आईचं नाव छापलेलं बघायचंय,” त्या म्हणाल्या. मधुताईंनी शब्द दिला.

लिहिलेलं सगळं गेलं साकेतकडे. साकेत त्यांचा मुलगा, त्याच शाळेत वाढलेला आणि आता माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीचा चेअरमन.

“छापण्याआधी एकदा नजर टाका हो,” मी म्हटलं.

“पोटच्या पोराकडे प्रूफ मागू? काय वाटेल त्याला!”

समारंभाला आम्ही दोघी नटूनथटून गेलो. चकचकीत पुस्तक हातात आलं. ओदीलच्या आईवरचं प्रकरण त्यात नव्हतं. फोटो होता, खाली ओळ : ‘मुख्याध्यापकांच्या प्रेरणेने भरलेला वर्ग.’ स्टेजवर त्याच मुख्याध्यापकांचा नातू हार-तुरे घेत होता. नवी लायब्ररी तोच बांधून देणार होता.

मधुताईंनी साकेतला कोपऱ्यात गाठलं.

“आई, इट वॉज अ कमिटी डिसिजन. एक चॅप्टर गेली तर काय झाला? थँक यूमध्ये तुझा नाव आहे ना!”

“काढायचं कुणी सुचवलं?”

साकेत टाय सारखा करत राहिला.

“माझंच नाव काढायचं होतंस,” त्या म्हणाल्या.

मला एक झकास टोमणा सुचला होता. गिळला.

दुसऱ्या दिवशी मेडनहेडला जायला मी गाडी काढली. वाटेत म्हणून पाहिलं, “ओदीलबाईंना सांगू नका. कमिटीवर ढकला, झालं!”

खोलीत शिरताच म्हातारीनं विचारलं, “आलं?” मधुताईंनी नाही म्हणून मान हलवली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी अगदी हळू सांगितलं. या वेळी चंबूबिंबू नाही. ओदीलबाई एकच वाक्य बोलल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्याचा अर्थ गाडीत कळला : “तो फोटो मी तुला दिला होता मधु, शाळेला नाही.”

“आणि तुम्ही काय सांगितलंत?”

“माझ्या मुलानं काढलं म्हणून.”

रविवारी नेहमीसारखा साकेत जेवायला आला. मी तिथंच होते, कोथिंबीर मागायला. खरं तर बघायलाच. पोरगा सवयीनं थेट किचनमध्ये निघाला. मधुताईंनी त्याला पुढच्या खोलीत सोफ्यावर बसवलं. शोकेसमधली सोनेरी काठाची कपबशी काढली, ट्रेमध्ये बिस्किटं मांडली आणि समोर आणून ठेवली.

“आई, माझा मग कुठंय?”

“पाहुण्यांना मगातून देत नाहीत.”

साकेतनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी विनोद करीन म्हणून. मी कोथिंबीर घेतली आणि मागच्या दारानं निघाले.