सुमनचे तीन जोड

फोन तीनदा आला आन् तीनदा मी कापला. नंबर ओळखीचा नव्हता. आजकाल अशाच नंबरावरून लोक ब्यांकेचं नाव सांगून लुबाडतात, म्हणून मी उचलतच नाही. मंग शेजारच्या वावरातला माणूस धुऱ्यावरून पळत आला. म्हणे, "भाऊ, तुमची पोरगी कवाची फोन लावून राह्यली तुमाले, शेवटी मले लावला..." पोरगी वाशिमच्या दवाखान्यात आईजवळ होती. तिच्या मोबाइलची ब्याटरी संपली, म्हणून नर्सबाईच्या फोनवरून लावत होती. माही सुमन गेली हे मले असं तिसऱ्याच्या तोंडून कळलं. जिंदगीभर संग राह्यली, आन् तिच्या मरणाची बातमी मी लबाडी समजून कापली.

सव्वा महिना झाला. मी चौथी शिकलेला, जसं आठवते तसं लिहितो. माहा सभावच शकी. दुधवाल्यानं माप भरलं तरी वाकून पाहतो. सुमन म्हणे, "तुमी सरणावर उठून बसान आन् लाकडं ओली हायेत का पाहसान." खोटं नव्हती बोलत.

आमच्या विहिरीत पाण्यातली मोटर हाय. तिच्या केबलीत तीन वायर, म्हणून जोडही तीन. दर पावसाळ्यात पाणी शिरून ते जळून जात. गजानन मिस्त्री येये, वायर पिळे, टेप गुंडाळे, पुढच्या पावसात पुन्हा तेच. मले पक्कं वाटे का हा मुद्दाम कच्चं ठेवते, म्हणजे पुन्हा बोलावतील. सुमन चिडे. "माणसावर कायले शक घेता, वस्तूवर घ्या ना. घरातल्या बोर्डात लावाचं सामान हा उघड्यावर लावते. टिकंन कसं?" आन् एक दिवस ती एकटीच जीपमध्ये बसून शेलूबाजारले गेली. तीन जोडाचं सामान, म्हणजे वायर जोडाच्या तांब्याच्या नळ्या आणाले. दोन घंटे झाले, बाई वापस नाही. मले राहावलं नाही. तीन नळ्या घ्याले दोन घंटे लागतात? मी मागच्या जीपनं गेलो आन् दुकानासमोरच्या चहाच्या टपरीआड उभा राह्यलो. लाज वाटते सांगाले, पण उभा राह्यलो.

दुकानात सुमन जमिनीवर फतकल मारून बसली होती. तिच्यासमोर वायर जोडाच्या नळ्यांचा ढीग. फुटक्या रेडिओच्या भोंग्यातलं चुंबक तिनं घरून नेलं होतं. नळीले लावे, चिकटली का बाजूले फेके. लोखंडावर तांब्याचं पाणी देलं हाय म्हणे, सहा महिन्यात गंजते. जी चिकटली नाही तिच्यात वायरचा तुकडा घालून पाहे. दुकानदार हासला, "काकू, मोटारीले बांगड्या भरता का?" ही म्हणे, "हो भाऊ. सैल घातली तं गळते, घट्ट असली तं जात नाही. माप पाहा लागते." तेवढ्यात तिनं मान वर केली. "आले काय पहारा द्याले? या, चुंबक धरा." अख्खं दुकान हासलं. मी चुंबक धरलं.

जोड तिनं सोताच केले. नळीत दोन्हीकून वायर घातली, दाबयंत्रानं आवळली. वरून रबरी टेप, त्याच्यावर काळा टेप, खालून वर गुंडाळला, जसे छपरावर कवेलू रचतात तसा, म्हणजे पाणी वरच्या वर घसरून जाईन. तिन्ही जोड वर-खाली ठेवले, एकमेकाले लागू नये म्हणून. मी इचारलं, "कोणं शिकवलं तुले?" "गजाननच्या चुका पाहून शिकली." त्याच्यानंतरचे सारे पावसाळे ते जोड विहिरीच्या कठड्याखाली लोंबकळत राह्यले. एकदाबी गेले नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या हप्त्यात मोटर बंद पडली. नुसती हुं हुं करे, पाणी उचले नाही. हरभऱ्याले घाटे लागलेले, चार दिवसात पाणी नाही भेटलं तं पीक गेलं. गजाननले बोलवा लागलं. तो केबलीकडे पाहून म्हणे, "काका, बाईमाणसानं केलेले जोड. कधी ना कधी जाणारच होते. तिन्ही कापून टाकू." मी फ्यूज काढून बंडीच्या खिशात ठेवले, कोणाचा भरोसा? आन् खरं सांगतो, त्या घडीले मले तिच्यावरबी शक आला... तवाच आतून आजारी असंन, हातात जोर नसंन राह्यला, वरच्यावर काही केलं असंन.

गजाननं वरचा जोड ब्लेडनं चिरला. एक एक वेढा सुटत गेला. आत तांबं असं लखलखीत का जसं काल आवळलं. पाण्याचा थेंब नाही. तो म्हणे, "हा बरा निघाला. खालच्या दोनपैकी एक असंन." आन् त्यानं ब्लेड दुसऱ्यावर टेकवलं.

जोड चांगला होता हे पाहाले तो चिरावाच लागला. आता त्याच्यावर गजाननचा टेप बसणार. मी त्याचा हात धरला.

"राहू दे ते दोन."

"काका, न पाहता कसं समजन?"

"समजते मले. तू स्टार्टरच्या डब्यात पाह."

मले माहीत होतं काहून पाह म्हणतो ते. गेल्या साली ती दवाखान्यात असताना डब्यातली वायर तुटली होती. मी घरच्या बोर्डातली पांढरी प्लास्टिकची जोडपट्टी काढून तिथं लावली होती. तिले सांगितलं नाही, बोलली असती म्हणून. गजाननं डब्बा उघडला. पट्टी जळून वितळली होती, स्क्रू गंजून लाल. तो माह्याकडे पाहून म्हणे, "हे कोणत्या गाढवानं लावलं?"

"म्या," म्हटलं.

त्यानं ती पट्टी उपटून काढली. मंग खाली पाहून म्हणे, "काकीचा हात चांगला होता."

डब्यात नवी नळी आवळली, चिरलेल्या जोडाले टेप मारला, फ्यूज बसवले, पाणी चालू झालं. पोरगी म्हणते, बाबा, जुनी केबल हाय, पुरी नवीच टाकून घ्या. गजाननबी म्हणते, ते दोन जोड एकदा उघडून पाहू, शक राहाले नको. मी दोघायले सांगितलं, पाणी थांबन त्या दिवशी पाहू.

अजून थांबलं नाही.