एक घर वर सरकलेले अहवाल

"पानी म्हणणाऱ्यांना फाइल वाचता येते का, हे आधीच तपासायला हवं होतं."

बाहेरच्या कंपनीचा माणूस हे माझ्याकडे न बघता बोलला. बोळिंजच्या आमच्या लॅबमध्ये बैठक होती. मी 'पानी द्या' म्हणाले होते, आमच्या मिठागराच्या गावात म्हणतात तसं. सगळे हसले. आमच्या लॅबचे साहेबही हसले.

मग माझ्यापुढे एक कागद आला. माझ्या निष्काळजीपणामुळे अहवाल बदलले, असं त्यावर छापलेलं. खाली सहीची जागा.

आमच्या लॅबसाठी रक्ताच्या तपासण्या ती कंपनी करते आणि रोज सकाळी एक एक्सएमएल फाइल पाठवते. तिच्यात आधी सगळी नावं, मग सगळे आकडे. कोणता आकडा कोणाचा, हे सांगणारा क्रमांक नाही. फक्त क्रम. एक आकडा गळला की खालचे सगळे एकेक घर वर सरकतात. तीन वर्षं मी ही फाइल हाताने जुळवली. वय बघून, जुने अहवाल काढून, फोन करून. सुरुवातीलाच साहेबांना सांगितलं होतं. जमतंय ना तुला, मग झालं, म्हणाले. मला तेव्हा अभिमान वाटला.

मावशी वारली. मी एक दिवस रजा घेतली. फाइल न जुळवता तशीच पुढे गेली, अहवाल तिच्यावरूनच निघाले.

तुळिंजच्या एका बाईंना दुसऱ्याच कुणाच्या साखरेचा आकडा गेला. नॉर्मल. त्यांनी गोळ्या बंद केल्या. आता त्या आयसीयूत आहेत. शुद्धीवर येतील का, डॉक्टर सांगत नाहीत. त्यांच्या मुलीने फोनवर विचारलं, "ताई, रिपोर्ट तुम्हीच पाठवता ना?" मी हो म्हणाले.

"सही कर गं," साहेब म्हणाले. "चार दिवसांत विसरतील सगळे."

घर माझ्या पगारावर चालतं. सही केली असती तर नोकरी राहिली असती. फाइलही तशीच राहिली असती. मी रोज दुरुस्त करत होते, म्हणून ती मोडकी आहे हे कुणाला दिसलंच नाही.

"नाही करनार," मी म्हणाले. कागद तिथेच ठेवून उठले.

काल कामावरून काढल्याचा मेल आला. आज मी त्या मुलीला भेटायला हॉस्पिटलात जाते आहे. फाइल कशी येते, कोण पाठवतं, कोणाला किती दिवस माहीत होतं, सगळं लिहून नेते आहे. माहीत असलेल्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.